सिमोना हालेप प्रकरण : शिक्षा नऊ महिन्यांची, भोगली सतरा महिने

५ मार्च २०२४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या क्रीडा लवादाने रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिच्यावर उत्तेजक प्रकरणात घातलेली चार वर्षांची बंदी नऊ महिन्यांवर आणली. बातम्यांमध्ये तो तिचा विजय म्हणून झळकला. मात्र निकालातल्या तारखा एकाखाली एक मांडल्या की हिशेब विचित्र दिसतो. नऊ महिने मोजायचे होते ७ ऑक्टोबर २०२२ पासून. म्हणजे शिक्षा ६ जुलै २०२३ लाच पुरी झाली होती आणि ती पुरी झाली हे ठरायला त्यानंतर आठ महिने लागले. या आठ महिन्यांत तिला खेळायला मनाईच होती. नऊ महिन्यांची शिक्षा झालेली खेळाडू प्रत्यक्षात जवळपास सतरा महिने कोर्टाबाहेर होती.

ती दोषी होती की निर्दोष, यावर टेनिसवेड्यांची भांडणं अजून चालतात. मला या प्रकरणात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हालेपची कारकीर्द निकालाने संपवली नाही, निकालाची वाट पाहण्यात ती संपली. आणि ती अशी संपण्याचं एक कारण तिच्या खेळाच्या घडणीतच होतं. म्हणून आधी तो खेळ.

पायांवर उभा राहिलेला खेळ

हालेपचा जन्म २७ सप्टेंबर १९९१ चा, काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्तांत्सा शहरातला. वडील खालच्या श्रेणीतल्या क्लबात फुटबॉल खेळलेले, पुढे त्यांचा दुग्धजन्य पदार्थांचा कारखाना झाला. थोरला भाऊ टेनिस शिकायला जायचा, त्याच्या मागोमाग चार वर्षांची सिमोना गेली. २००८ मध्ये तिने फ्रेंच खुल्या स्पर्धेत मुलींचं अजिंक्यपद मिळवलं. अंतिम सामन्यात समोर एलेना बोगदान होती, तीही रोमानियाचीच.

उंची सुमारे पाच फूट सहा इंच. आजच्या महिला टेनिसमध्ये ही उंची कमीच म्हणायची. बिनतोड सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळवणाऱ्यांतली ती नव्हती. तिचं भांडवल होतं पाय आणि डोळा. समोरची चेंडू कुठे मारणार हे आधीच ओळखायचं, दोन पावलं लवकर निघायचं, बेसलाइनला चिकटून चेंडू वर येतायेताच घ्यायचा आणि आलेला वेग दिशा बदलून परत पाठवायचा. असा खेळ एखाद्या फटक्यावर तरत नाही. तो रोजच्या सरावावर आणि रोजच्या धावण्यावर जगतो. महिनाभर खंड पडला तर जोरदार सर्व्हिसवालीला पहिले तीन-चार सामने जड जातात. हालेपसारखीचं अख्खं यंत्रच ढिलं पडतं. १७ व्या वर्षी तिने स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. जड शरीरामुळे हालचालीला अडथळा येतो, पाठ दुखते, हे तिने उघडपणे सांगितलं होतं. हालचाल तिच्या लेखी किती मोलाची होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

२०१३ साली गाडी रुळावर आली. जूनमध्ये न्यूरेम्बर्गला डब्ल्यूटीएचं, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतलं, पहिलं विजेतेपद आणि वर्ष संपेस्तोवर सहा. कारकिर्दीतली पहिली सहा विजेतेपदं एकाच वर्षात मिळवणारी स्टेफी ग्राफनंतरची ती पहिलीच. ग्राफचं ते वर्ष १९८६ चं. पुढच्या वर्षी फ्रेंचच्या अंतिम फेरीत मारिया शारापोव्हाने तिला तीन सेटमध्ये हरवलं. ऑक्टोबरात सिंगापूरला डब्ल्यूटीए फायनल्समध्ये तिने सेरेना विल्यम्सला ६-०, ६-२ असं लोळवलं, आणि त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेनाने हिशेब चुकता केला.

नंतरची तीन वर्षं मात्र चाहत्यांच्या जिवाला घोर लावणारी. खेळ होता, क्रमवारी होती, पण मोठा सामना हातात आला की हात आखडायचा. २०१७ च्या मार्चमध्ये मायामीत जोहाना कॉन्टाविरुद्ध खेळताना तिने मध्येच पडती भूमिका घेतली, तेव्हा प्रशिक्षक डॅरेन केहिल यांनी तिची साथच सोडली. तिचा टेनिसवर राग नव्हता, स्वतःवर होता, आणि केहिल यांना नेमकं तेच नको होतं. काही आठवड्यांनी ते परतले. त्याच वर्षी फ्रेंचच्या उपांत्यपूर्व फेरीत एलिना स्वितोलिनाविरुद्ध ३-६, १-५ अशा पिछाडीवरून, एक मॅच पॉइंट वाचवून ती जिंकली. अंतिम सामन्यात बिगरमानांकित येलेना ओस्टापेन्कोविरुद्ध ६-४, ३-० अशी पुढे असताना हरली. ओस्टापेन्कोने त्या दिवशी ५४ विजयी फटके मारले. वीस वर्षांची ती पोरगी रेषेवर आंधळेपणाने चेंडू फेकत होती आणि ते आत पडत होते, याला काय करणार? त्या पराभवाने पहिला क्रमांकही हुकला. विम्बल्डनला पुन्हा हुकला. सिनसिनाटीला मुगुरुझाने ६-१, ६-० ने धुतलं, तेव्हा तिसऱ्यांदा हुकला. अखेर ऑक्टोबरात बीजिंगमध्ये ओस्टापेन्कोलाच हरवून ती अव्वल झाली. रोमानियाची कुठलीही महिला तिथवर आधी पोचलेली नव्हती.

२०१८ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेला आली तेव्हा जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूकडे कपड्यांचा प्रायोजक नव्हता. लाल ड्रेस तिने स्वतःच ऑनलाइन मागवून शिवून घेतला होता. तिसऱ्या फेरीत लॉरेन डेव्हिसविरुद्धचा तिसरा सेट १५-१३ असा गेला, सामना पावणेचार तास चालला. उपांत्य फेरीत अँजेलिक कर्बरचे दोन मॅच पॉइंट वाचवले. अंतिम फेरीत कॅरोलिन वोझ्नियाकीकडून हरली आणि रात्री इस्पितळात सलाइनवर होती. तिसरी अंतिम फेरी, तिसरी हार.

पाच महिन्यांनी पॅरिसमध्ये स्लोन स्टीफन्सविरुद्ध चौथी. पहिला सेट गेला, दुसऱ्यात ०-२. इथून ती ३-६, ६-४, ६-१ अशी जिंकली. १९७८ मध्ये व्हर्जिनिया रुझिची यांनी हीच स्पर्धा जिंकली होती आणि त्यानंतर चाळीस वर्षं रोमानियाच्या एकाही महिलेला ग्रँडस्लॅम एकेरी जिंकता आली नव्हती. रुझिची त्या दिवशी प्रेक्षागृहात होत्या, कारण त्याच हालेपच्या मॅनेजर होत्या.

१३ जुलै २०१९ चा विम्बल्डनचा अंतिम सामना मात्र जमलं तर पुन्हा पाहावा असा. सेरेना २४ व्या ग्रँडस्लॅमच्या दारात उभी. हालेपने तो ६-२, ६-२ असा ५६ मिनिटांत संपवला. पूर्ण सामन्यात तिच्याकडून टाळता येण्याजोग्या चुका झाल्या फक्त तीन. सेरेनाचा जो चेंडू इतर कुणाहीविरुद्ध गुण ठरला असता, तो पुन्हा पुन्हा परत येत होता, आणि प्रत्येक वेळी एक फटका जास्त खेळावा लागल्यामुळे सेरेनाचा अंदाज चुकत गेला. पायांवर उभ्या राहिलेल्या खेळाचं सर्वोच्च टोक ते हेच.

ऑगस्ट २०२२

२०२१ मध्ये रोमला पोटरीचा स्नायू दुखावला आणि फ्रेंच, विम्बल्डन, ऑलिम्पिक असं सगळं गेलं. केहिलही साथ सोडून गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये सेरेनाचे माजी प्रशिक्षक पॅट्रिक मुराटोग्लू यांच्यासोबत काम सुरू झालं. विम्बल्डनची उपांत्य फेरी, मग ऑगस्टमध्ये टोरंटोचं विजेतेपद, कारकिर्दीतलं चोविसावं. पहिल्या दहांत पुनरागमन. वय ३०.

२९ ऑगस्टला अमेरिकन स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत पात्रता फेरीतून आलेल्या दारिया स्निगुरने तिला हरवलं. सामन्यानंतर लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात रोक्साडस्टॅट सापडलं.

हे औषध किडनीच्या जुनाट आजारात होणाऱ्या रक्तक्षयावर देतात. शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय असा भास ते पेशींना करून देतं. मग शरीर स्वतःच एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) हे संप्रेरक जास्त बनवतं आणि तांबड्या पेशी वाढतात. सायकलपटू पूर्वी ईपीओची सुई टोचून घेत, त्याच कामाची ही गोळी. त्यामुळे ‘सर्दीच्या औषधातून चुकून आलं’ असल्या वर्गात हा पदार्थ बसत नाही. तो सापडला की भुवया उंचावतातच, आणि त्या उंचावल्या याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

७ ऑक्टोबरपासून आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेने, म्हणजे आयटीआयएने, तिचं तात्पुरतं निलंबन केलं. हालेपचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं : मी जाणूनबुजून काही घेतलेलं नाही. पुढे शोध घेतल्यावर बोट ठेवलं गेलं ते ‘केटो एमसीटी’ नावाच्या पूरक आहारावर. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या काळात तिने तो नव्याने सुरू केला होता आणि वेष्टनावर रोक्साडस्टॅटचा उल्लेख नव्हता. हा पूरक आहार तिला आपल्याच चमूने आणून दिला, त्यामुळे आपल्याला जबाबदार वाटतं, असं मुराटोग्लू यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात जाहीरपणे सांगितलं. सांगितलं ते बरंच केलं, पण तोवर शिक्षा लागून दोन महिने होत आले होते.

मे २०२३ मध्ये दुसरा आरोप आला. तो नमुन्यात सापडलेल्या पदार्थाचा नव्हता, रक्तातल्या आकड्यांचा होता. खेळाडूच्या रक्तातलं हिमोग्लोबिन, कोवळ्या तांबड्या पेशींचं प्रमाण वगैरे वर्षानुवर्षं नोंदवून ठेवतात, त्याला जैविक पासपोर्ट म्हणतात. त्यात खेळाडूची तुलना इतरांशी होत नाही, तिच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी होते. हालेपचा २२ सप्टेंबर २०२२ चा नमुना या रेषेबाहेर होता आणि कागदपत्रं तपासून तिन्ही तज्ज्ञांनी ‘उत्तेजक घेतल्याची शक्यता मोठी’ असं एकमुखाने म्हटलं होतं.

एकाच कागदपत्रांतून दोन निकाल

पहिला निकाल स्वतंत्र न्यायाधिकरणाचा, सप्टेंबर २०२३ चा. पूरक आहार दूषित होता आणि तो तिने घेतला होता, हे त्यांनी मान्य केलं. अडलं ते मात्रेवर. जेवढा घेतला असं ती सांगते, तेवढ्यातून लघवीत सापडलेलं प्रमाण येऊच शकत नाही, म्हणजे आणखी कुठून तरी ते शरीरात गेलं असणार, असा त्यांचा तर्क. जोडीला पासपोर्टवरचं तज्ज्ञांचं मत. दोन्ही आरोप सिद्ध, बंदी चार वर्षं, ६ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तेव्हा ती ३५ वर्षांची झाली असती.

मात्रेचा हा मुद्दा मराठी वाचकांना नवा वाटायला नको. लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओत याच वळणावर अडकला. आपल्या खाण्यापिण्यात कुणी तरी औषध मिसळलं, ही त्याची बाजू भारतातल्या संस्थेने मानली होती. रिओत बसलेल्या क्रीडा लवादाच्या विशेष मंडळाने मात्र प्रमाणाकडे बोट दाखवून ती फेटाळली आणि चार वर्षांची बंदी घातली. उत्तेजकविरोधी कायद्यात पदार्थ अंगात सापडला की उल्लंघन झालंच. तो कसा आला हे दाखवायची जबाबदारी खेळाडूची, आणि आकडा जुळला नाही तर बाकीची कहाणी कितीही खरी वाटो, तिला वजन उरत नाही.

हालेपने लोझानला अपील केलं. ७ ते ९ फेब्रुवारी २०२४ अशी तीन दिवस सुनावणी झाली आणि महिन्याभरात निकाल लागला. इथे तिचे वकील ज्या दोन ठिकाणी जिंकले, ती नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिलं ठिकाण रोक्साडस्टॅटचं. खेळाडूला आपली बाजू ‘असण्याची शक्यता नसण्याहून जास्त’ इतपतच सिद्ध करायची असते. पदार्थ दूषित पूरक आहारातूनच आला असण्याची शक्यता अधिक, असं लवादाने मानलं. पण तिला पूर्ण मोकळं सोडलं नाही. पूरक आहार घेताना पुरेशी काळजी घेतली नाही, म्हणजे चूक आहे. मात्र ती ठळक स्वरूपाची नाही. या ‘आहे पण ठळक नाही’मधून नऊ महिने आले.

दुसरं ठिकाण पासपोर्टचं, आणि मला हे जास्त पटतं. इथे सिद्ध करण्याचं ओझं संस्थेवर होतं आणि पट्टीही वरची. संस्थेचा भर २२ सप्टेंबरच्या नमुन्यावर होता. पण हालेपच्या नाकाची शस्त्रक्रिया त्याच सुमारास झाली होती आणि तिच्या आधी, ९ सप्टेंबरला, तिचं रक्त खासगीरीत्या तपासलं गेलं होतं. पहिल्या न्यायाधिकरणाने तो अहवाल बाजूला ठेवला होता, लवादाने तो विचारात घेतला. शिवाय उरलेलं वर्ष आपण खेळणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. ज्या हंगामात खेळायचंच नाही, त्यासाठी शस्त्रक्रियेच्या तोंडावर रक्त वाढवण्याचा खटाटोप कोण कशाला करेल? या सगळ्यामुळे संस्थेने मांडलेली शक्यता डळमळली आणि तो आरोप फेटाळला गेला. खर्चापोटी आयटीआयएने तिला २०,००० स्विस फ्रँक द्यावेत, असा आदेशही झाला. कारकिर्दीत चार कोटी डॉलरच्या वर बक्षिसं मिळवलेल्या खेळाडूला ही रक्कम म्हणजे वकिलांच्या चहापाण्याची.

हिशेब

तात्पुरतं निलंबन हा शब्द ऐकायला सौम्य आहे. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून ती पूर्ण बंदीच असते. शिक्षा झाली तर ते दिवस वजा होतात. शिक्षेहून जास्त दिवस भरले तर वरचे दिवस परत द्यायची सोय कुठल्याच नियमात नाही. ६ जुलै २०२३ नंतरच्या आठ महिन्यांत अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन अशा दोन ग्रँडस्लॅम होऊन गेल्या. अंतिम निकालानुसार या दोन्ही खेळायला ती मोकळी होती.

हा उशीर कुणामुळे, यावर दोन्ही बाजूंची कैफियत वेगळी. सुनावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जातेय म्हणून हालेपने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर तक्रार केली होती. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर नवा पदार्थ, नवा आरोप, तज्ज्ञांचे ढीगभर अहवाल, हे आठवड्याभरात उरकण्यासारखं कामही नव्हतं. मला कुणाच्या मनात काळंबेरं दिसत नाही. दिसते ती एवढीच गोष्ट की प्रकरण गुंतागुंतीचं असण्याची किंमत एकटी खेळाडू मोजते.

क्रमवारीचं तर विचारूच नका. टेनिसमधले गुण बावन्न आठवड्यांनी गळतात. दुखापत किंवा बाळंतपण असेल तर जुनी क्रमवारी राखून वापरता येते, बंदीला ती सवलत नाही. निलंबनाच्या दिवशी नवव्या क्रमांकावर असलेली हालेप वर्षभरात यादीतूनच नाहीशी झाली. ३७३ आठवडे सलग पहिल्या दहांत काढलेली बाई आता वाइल्ड कार्डसाठी, म्हणजे क्रमवारी न पाहता मिळणाऱ्या थेट प्रवेशासाठी, आयोजकांच्या तोंडाकडे बघणार. मायामीने ते दिलं, तेव्हा वोझ्नियाकीने नापसंती दाखवली. मुद्दाम फसवणाऱ्यांना वाइल्ड कार्ड मिळू नये, असा तिचा सूर. लवादाने ‘मुद्दाम नाही’ म्हटल्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात दोन प्रकरणांनी जखमेवर मीठ चोळलं. इटलीचा टेनिसपटू यानिक सिनरच्या नमुन्यांत क्लोस्टेबॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, पोलंडच्या इगा श्वीऑनटेकच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन, तेही बंदीचंच. सिनरला आधी निर्दोष ठरवलं गेलं आणि पुढे २०२५ मध्ये तीन महिन्यांवर तडजोड झाली. श्वीऑनटेकला एक महिना. दोघांचीही नावं प्रकरण बरंचसं मिटल्यावर बाहेर आली. आपल्याला वेगळा न्याय का, असा सवाल हालेपने समाजमाध्यमावर केला आणि तो अनेकांना पटला.

मला तो अर्धाच पटतो. नियम तिघांना एकच होता : निलंबनाविरुद्ध दहा दिवसांत दाद मागून ते उठवलं गेलं तर नाव जाहीर होत नाही. सिनरच्या वकिलांकडे पदार्थाच्या उगमाची गोष्ट तयार होती, म्हणून त्याचं निलंबन लगेच उठलं. श्वीऑनटेकच्या बाबतीत उगम निघाला तो झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळीत. तिच्या देशात ती गोळी नियमनाखालचं औषध आहे आणि औषध दूषित निघेल असं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पूरक आहाराचं तसं नाही, त्याच्या धोक्याबद्दल खेळाडूंना वर्षानुवर्षं बजावलं जातं. त्यात हालेपवर पासपोर्टचा दुसरा आरोप होता, या दोघांवर नव्हता. म्हणजे शिक्षेत फरक पडायला कारणं होती. पण एक महिना आणि सतरा महिने यांच्यातली दरी त्या कारणांनी भरून निघत नाही. ती दरी पडली कारण उगम दहा दिवसांत हाती लागला की नाही, यावर सगळं ठरतं. तो लवकर सापडायला पैसा, हुशार वकील आणि नशीब लागतं. पहिल्या दोन गोष्टी हालेपकडेही होत्या. क्रमवारीत दोनशेव्या असणाऱ्या पोरीकडे यातलं काय असेल?

परतीचे दिवस

१९ मार्च २०२४ रोजी मायामीत पाउला बदोसाविरुद्ध पहिला सेट तिने ६-१ असा घेतला. तासभर जुनी हालेप दिसली. मग पाय जड झाले आणि पुढचे दोन सेट ४-६, ३-६ असे गेले. मे महिन्यात पॅरिसमधल्या एका छोट्या स्पर्धेत सामना अर्धवट सोडावा लागला. गुडघा दुखत होता, नंतर खांदाही. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेने पात्रता फेरीसाठी वाइल्ड कार्ड दिलं, तेही दुखण्यामुळे परत करावं लागलं. दीड वर्ष सामने न खेळलेलं ३२-३३ वर्षांचं शरीर सरावात साथ देतं, तिसऱ्या सेटमध्ये देत नाही. २०१९ च्या त्या दुपारी जे पाय एक फटका जास्त खेळत होते, ते आता एक फटका आधीच थांबत होते.

४ फेब्रुवारी २०२५ रोजी क्लुज-नापोकामध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर इटलीच्या लुसिया ब्रॉन्झेटीने तिला ६-१, ६-१ असं हरवलं. त्या आठवड्यात तिचा क्रमांक ८७० होता. सामना संपल्यावर तिने माइक हातात घेतला आणि रोमानियन भाषेत निवृत्ती जाहीर केली. आपल्या शरीराला पुन्हा त्या पातळीवर जाणं झेपणार नाही, आणि तिथवर जायला काय लागतं हे आपल्याला ठाऊक आहे, अशा आशयाचं ती बोलली. बंदीबद्दल त्या दिवशी तिने कैफियत मांडली नाही.